सुधीरने भर मीटिंगमध्ये मागितलेली माफी

सुधीर गेला.
हार्ट अटॅक. पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

आमची ओळख भांडणातून झाली.

मी गोरेगावच्या ऑफिसात पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर करायचे. तो आमच्याच कंपनीच्या अंधेरी ऑफिसात कम्पायलर टीमचा लीड. म्हणजे आम्ही लिहिलेला कोड मशीनला कळेल असा करून देणारं टूल त्याचं.

टेस्टिंगमध्ये एका पेशंटच्या रिपोर्टवर दुसऱ्याचं नाव यायला लागलं.
कधीतरीच. म्हणून जास्त भीती.

मी कोड पुन्हा पुन्हा वाचला. काही सापडेना. शेवटी सुधीरला लिहिलं की गडबड कम्पायलरमध्ये असावी.

सगळ्यांना कॉपीत ठेवून उत्तर आलं, "कम्पायलरला दोष देण्याआधी स्वतःचा कोड नीट वाचा."

वाट लागली.
मॅनेजरने माझं काम काढून दुसऱ्याला दिलं. कँटीनमध्ये मी एकटी बसायला लागले. चूक आपलीच असणार, असं मलाही वाटायला लागलं. घरी आईला सांगायचीसुद्धा लाज वाटायची.

तरी बग दिसेल असा एक छोटा प्रोग्राम करून मी त्याला पाठवला.
उत्तर नाही.

आणि एक दिवस तो स्वतःच गोरेगावला आला. सरळ आमच्या टीम मीटिंगमध्ये. बसलाही नाही.

चूक कम्पायलरमधल्या 'एस्केप अॅनालिसिस' या भागात होती आणि तो त्यानेच लिहिला होता. एखादा डेटा फंक्शन संपल्यावरही लागणार का, हे कम्पायलर त्यात तपासतो. लागणार नसेल तर त्याची मेमरीतली जागा दुसऱ्या डेटाला देऊन टाकतो. इथे लागणारा डेटाच 'नको' ठरला होता. म्हणून एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव. बग फिक्स करूनच तो आला होता.

मग म्हणाला, "हिचा कोड बरोबर होता. मी तो वाचलाच नव्हता. न वाचता हिला सगळ्यांसमोर बोललो. मला लाज वाटते."

मान खाली. कान लाल.
मॅनेजर लॅपटॉपमध्ये बघत राहिला.

नंतर चहा घेताना मी म्हटलं, मेल टाकला असता तरी चाललं असतं.
"नाही गं. अपमान चारचौघांत केला होता ना."

तिथून दोस्ती झाली.

आज मुलुंडला त्याच्या घरी गेले. वहिनींनी विचारलं, "तुम्ही कशा ओळखता ह्यांना?"

हॉल माणसांनी भरलेला. मी म्हणाले, "ऑफिसमधून."
एवढंच.

तो माझ्यासाठी सगळ्यांसमोर उभा राहिला. आणि मला त्याच्या माणसांसमोर दोन वाक्यं बोलता आली नाहीत.
रिक्षात बसल्यापासून लाज वाटतेय.

वहिनी, तुम्ही हे वाचाल की नाही, माहीत नाही.
मी त्याला अशी ओळखायचे.

सुधीर, तुला शेवटचा नमस्कार.