सुभेदारांचा कैदी

रहिमतपुरात माझ्या एसटीडी बूथशेजारी एक सुभेदार राहायचे. फौजेतून निवृत्त होऊन ते गावी आले, ते घरचीच भाजी पिकवून खायचा हट्ट घेऊन. रोज सकाळी हात मागे बांधून, परेड तपासावी तसे ते मेथीच्या वाफ्यांपुढून फिरत. एखादं रोप कललेलं दिसलं की दटावत, "सीधा खडा रह!"

मेथी काढणीला आली आणि ओढ्यापलीकडच्या एका म्हातारीच्या शेळीनं अर्धा वाफा फस्त केला. सुभेदारांनी शेळीला पेरूच्या झाडाला बांधलं. मला म्हणाले, "जंगी कैदी है, लढाईत धरलेला. मालकीण माफी मागंल तवाच सुटका."

पण कैद्याला उपाशी ठेवणं त्यांच्या कायद्यात बसत नव्हतं. उरलेली मेथी ते स्वतः खुडून तिला चारू लागले. घरात बाजारचे बटाटे शिजू लागले.

दोन-तीन दिवसांनी म्हातारी आली. शेळीच्या पोटावरून हात फिरवत म्हणाली, "आवं सुभेदार, माफी कशाला? लय बाळसं धरलंय हिनं. ऱ्हाऊ द्या की अजून आठ दिस!"

मी तोंड फिरवून हसलो. सुभेदारांनी चिडून दावं सोडलं, पण शेळी जागची हलेना. शेवटी मुठीत मेथी धरून तेच तिच्यापुढं ओढ्यापर्यंत चालत गेले.

पुढच्या खेपेला त्यांनी एक वाफा चक्क कुंपणाबाहेर केला. "हा कुणासाठी?" मी विचारलं.

"त्यो दुश्मनाचा इलाखा हाय," ते म्हणाले, आणि झारीनं त्याला पाणी घालू लागले.