पुलाअलीकडचा घोडा

“आरं, बटन चालंना! लांडगं घोड्याच्या अंगावर आली अन् मला हलूच देईनात!” मेंढरं राखणारा माझा मित्र घोडेगावच्या गेमच्या दुकानात असा बोंबलला, की येडगाव धरणातले मासे तळाला गेले असतील. गेममध्ये पूल ओलांडताच त्याचा घोडा मेला. “भाऊ, इथं बटन चालतच न्हाई, नुसतं बघायचं, गोष्टच तशी हाय,” मालक म्हणाला. मित्राला पटेना. दुसरंच कुणी बटन दाबतंय म्हणून त्यानं टेबलाखालच्या वायरी चाचपल्या, मालकाला दोन्ही हात वर करायला लावले, मग माझ्याकडंही चोराकडं बघावं तसं बघितलं. “लांडगा आल्यावर हाताची घडी घालून उभा ऱ्हाणारा त्यो पडद्यावरचा गडी मी न्हाईच!” तापलेल्या कम्प्युटरचा वास आला की आजही मी उगाच माझे हात तपासतो. दुसऱ्या दिवशी त्यानं गेम पहिल्यापासून मांडला, पण पूल दिसला की घोडा माघारी वळवून गवतात सोडायचा. “राव, पुढं लई मोठी गोष्ट हाय, जा की पलीकडं!” मी म्हणालो. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “चरतोय त्यो.”