विलायती नवऱ्याचं पिठलं

इंदुताईनं सुपातले तांदूळ अर्धेच निवडले होते, तेवढ्यात विषय निघालाच. त्रिपुरी पौर्णिमेला गल्लीतल्या शोभाताईंचं भजनी मंडळ रामटेकला जाणार होतं. दोन मुक्काम. इंदुताईला जायचं होतं. लग्न होऊन नागपुरात आली तेव्हापासून जायचं होतं.

"जा नं," मनोहरराव दाढी करता करता म्हणाले. "पण मी खाऊ काय? मले तर चहाही येत नाही."

इंदुताईनं सूप खाली ठेवलं आणि देवापुढची वात सारखी करायला उठली. महिन्यातून जेव्हा ती बाजूला बसायची, तेव्हा हेच मनोहरराव समोरचं दार लोटून घेत आणि भात, पिठलं, भाकरी सगळं करत. भाकरी तर तिच्याहून गोल. गल्लीत सांगायचं, बहिणीकडून डबा येतो. विटाळापायी केलेला स्वयंपाक धर्मात बसत होता. रामापायी केलेला बसत नव्हता.

गल्लीतला एकुलता एक टीव्ही त्यांच्याकडे. संध्याकाळी सतरंजीवर पुढे पुरुष, मागे बाया अशी बैठक भरली. विलायती मालिका होती. बोलणं कोणाला कळत नसे. पण बाई पर्स घेऊन कामाला जाते आणि नवरा कमरेला फडकं बांधून चुलीशी उभा राहतो, एवढं कळायला इंग्रजी कशाला? इंदुताईला ती बाई मुळीच पटत नसे. कपाळ रिकामं, नैवेद्य नाही, उभ्यानंच खाते. त्या नवऱ्याकडे मात्र इंदुताई टक लावून पाहायची.

"हे पाहूनच आपल्या बाया बिघडून राहिल्या," शेजारचे रुपराव म्हणाले. "हा कसा मर्द गा, मनोहरभाऊ?"

"कायचा मर्द? बायकोचा गडी हाय."

पडद्यावरच्या नवऱ्यानं उकळत्या भांड्यात कोरडं पीठ ओतलं.

"अरे, असं नाही ओतत बावा," मनोहरराव गुडघ्यांवर उठले. "आधी गार पाण्यात कालवून घे. गुठळ्या होतात नाही तर."

"अन् ढवळत राहा लागते," रुपराव बोलून गेले, आणि लगेच खोकू लागले.

गुठळ्या झाल्या. टीव्हीतली न दिसणारी माणसं हसली. सतरंजीवरचं कोणी हसलं नाही.

मागून शोभाताईंचा आवाज आला. "मनोहरभाऊ, तुमच्या बहिणीच्या डब्यात पिठलं मोठं चांगलं येते म्हणतात. मग इंदूचं नाव घेऊ नं रामटेकले?"

"मी कधी नाही म्हटलं?" मनोहरराव मागे न वळता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूप त्यांच्या मांडीवर होतं. उरलेले तांदूळ ते चष्मा लावून निवडत होते.

"दार लोटून घे वं," ते म्हणाले.

इंदुताईनं ज्वारीचा डबा कमरेवर घेतला आणि बाहेरून दार लोटलं. मग त्यांच्या दोन दिवसांच्या भाकरींचं दळण आणायला ती गिरणीवर गेली.