बेबीताईची खुर्ची

प्राध्यापक किशोर वाकोडे अमरावतीत कायदा शिकवत आणि सरकारी समित्यांसाठी नियमांचे मसुदे लिहीत. मुंबईत त्यांना तज्ज्ञ म्हणत. खरी परीक्षा मात्र अकोल्यात, जठारपेठेत, थोरल्या बहिणीच्या पापड-कुरडयांच्या दुकानापुढं व्हायची. सरांनी मसुदा वाचायचा, बेबीताईनं दारापुढच्या खुर्चीत बसून त्यातून पळवाट काढायची. तीस वर्षांत चौदा मसुदे झाले. एकही तिचा चहा संपेपर्यंत टिकला नाही.

आता जूनमध्ये निवृत्ती. त्याआधी एक तरी नियम असा लिहायचा, की ताईनं हात टेकावेत. बाकी काही नको. विषय आला फुटपाथचा. दुकानदाराने विक्रीचा माल फुटपाथवर ठेवू नये.

"इकाले कोन ठेवला? वाळवाले ठेवला," ताई म्हणाली. चहा अजून बशीतही उतरला नव्हता.

सरांनी 'कोणतीही वस्तू' असं केलं. पुढच्या रविवारी ताई म्हणते, "टोपली खाली कुठं हाय? माह्या मांडीवर हाय."

"अन् खुर्ची? ते वस्तू नाही काय?"

"मंग उभी राहीन. मानसाले वस्तू म्हन्तं काय रे, प्रोफेसर?"

तिसऱ्या रविवारी सर दात-ओठ खाऊनच आले. शटरबाहेर फुटपाथवर वस्तू नाही, खुर्ची नाही, दुकानाचं माणूससुद्धा नाही! ताईनं दोनदा वाचायला लावलं. चहावर साय धरली.

"पक्कं हाय बाप्पा. मुंगी नाही जात यातून."

सर पेढे आणायला उठलेच.

"मंग मी बसू कुठं रे?"

एकतीस वर्षं ती त्या खुर्चीवरून अख्खी जठारपेठ वाचत आली होती.

"आत बस," सर पुटपुटले.

"बशीन ना. नियम म्हन्जे नियम."

परतीच्या गाडीत बडनेरा येईस्तोवर सरांनी मसुदा चारदा उघडला, चारदा मिटला. मग शेवटी एक ओळ जोडली : 'साठ वर्षांवरील एका व्यक्तीस दुकानापुढे खुर्चीवर बसता येईल.' उभ्या नोकरीत स्वतःच्या हातानं पाडलेलं पहिलंच भोक!

नियम लागू झाला. निवृत्तीनंतर सर जठारपेठेत उतरले, तर दुकानागणिक एकेक म्हातारं माणूस खुर्चीत आणि मांडीवर टोपली. मोबाइलवाल्यानं तर हिवरखेडहून आपली आजी पार्वताबाई आणवली होती. ती चार्जर विकत होती.

"हे भोक माह्यं नाही हो," ताई आपल्या खुर्चीतून म्हणाली.

सरांनी आतून दुसरी खुर्ची ओढली. "आता मीबी साठीपार."

"ठेव ते आत. 'एका व्यक्तीस' लिवलं कोनं? उभा राह्य."