नंदाच्या हाती पाळण्याची दोरी

देवालाही माझी लेक नकोशी झाली का, हा प्रश्न त्या दिवसांत मला छळत होता. नंदाला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. शब्द थोडे, आवाज मात्र मोठा. इथे कन्नड मुलखात, यशवंतपुरातल्या आमच्या दत्तमंदिरात भजन सुरू झालं की ती भलत्याच वेळी टाळ्या वाजवते, मध्येच "दत्ता!" म्हणून ओरडते. एका गुरुवारी देवळाची व्यवस्था पाहणारे अण्णा मला म्हणाले, "अक्का, तिला घरीच ठेवा. बाकीच्यांचाही स्वल्प, थोडा विचार करा." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. पुढे कित्येक गुरुवार मी देवळाकडे फिरकले नाही.

दत्तजयंतीला माझे यजमान म्हणाले, "पाळणा घरीच म्हणू." पण नंदा सकाळपासून नवा ड्रेस घालून दाराशी उभी होती. तिच्याकडे पाहून मी ठरवलं, जायचं. आणि कोपऱ्यात नाही, मधोमध बसायचं.

तिन्हीसांजेला जन्माचा गजर झाला आणि नंदा ताडकन उठून ओरडली. माना वळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "हिला बाहेर न्या हो!" डोळे मिटून मी मनात म्हटलं, महाराज, मी इथून उठणार नाही. पुढचं तुम्ही बघा.

डोळे उघडले तर शेजारी एक अनोळखी वयस्क बाई. कन्नडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "बिडी, कूगली." राहू द्या, मारू दे तिला हाक. मग नंदाचा हात धरून त्या तिला थेट पाळण्यापाशी घेऊन गेल्या आणि दोरी तिच्या हातात दिली. नंदाने इतक्या जोरात ओढली की फुलांची माळच तुटली. गुरुजी हसले. म्हणाले, "हळू, बाळा." तिने खरंच हळू ओढली.

प्रसादाच्या वेळी मी त्या बाईंना खूप शोधलं. कुणीच त्यांना ओळखत नव्हतं. मी अण्णांना सांगितलं, "आम्ही दर गुरुवारी येणार." ते म्हणाले, "सरी अक्का." ठीक आहे.

अजूनही काहीजण आमच्यापासून सरकून बसतात. बसोत. शरण जाणं म्हणजे हार मानणं, असं मला वाटायचं. आता नंदाला घेऊन मधोमध बसते, तेव्हा महाराजांचे आभार मानते आणि लोकांच्या नजरांचा भार त्यांच्यावरच सोपवते.