वजा सरांचं उजवं पान

गणितात वजा चिन्ह सुटलं की सर वही खिडकीतून खाली फेकायचे. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात त्यांना वजा सरच म्हणायचे. माझी वही दोनदा गेली. दोन्ही वेळा तास संपल्यावर ते स्वतः खाली उतरले, धूळ झटकली आणि चुकीशी पेन्सिलीची खूण करून वही परत दिली.

त्यांना ध्यास एकच. विजेचं क्षेत्र प्रचंड तीव्र केलं, तर रिकाम्या जागेतूनही इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या भाराचा जोडीदार बाहेर पडतात, त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा वायू, होतो. "पण बाहेर आलेले त्या जोरालाच खातात गं," सर म्हणायचे. "खेचणारा जोर पण कमी होत जातो. हे विसरलीस तर मार्कांचं सोड, फिजिक्सच गेलं."

प्रत्येक गणित ते दोनदा करायचे. वहीच्या डाव्या पानावर जुन्या पद्धतीनं, कण म्हणजे गोट्या धरून, उजव्यावर क्वांटमनं. डावं पान आठवड्यात भरायचं, उजव्याला वर्ष लागायचं. क्षेत्र फार तीव्र झालं तरी दोन्ही उत्तरं जुळतात का, हेच त्यांना शोधायचं होतं. तोवर डाव्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ते बजावायचे.

त्यांच्या पीएचडीच्या गाइडनं वही बघायला म्हणून नेली आणि डावी पानं तेवढी उतरवून स्वतःच्या नावानं छापली. सरांचं नाव शेवटी, आभारात. चोरी केली, तीही अर्धवट. मी तडक सोनिवलीला सरांच्या घरी गेले. लेख छापणाऱ्या जर्नलच्या संपादकांना पत्र लिहा, असं मी त्यांना म्हणाले. एका वजा चिन्हासाठी वह्या फेकणारा हा माणूस चष्मा पुसत बसला होता.

"उजवं पान व्हायचंय अजून," ते म्हणाले. "अर्धं घेऊन कुणाशी भांडू?"

मी तोंडाला येईल ते बोलले आणि चहा न घेताच निघाले. तीच शेवटची भेट. मागच्या वर्षी सर गेले. त्या गाइडचा मला राग आहेच, पण सरांचा जास्त आहे.

सरांच्या बायकोनं, काकूंनी, वही माझ्याकडे दिली. उजवं पान पुरं करायला मला आठ महिने लागले. मध्ये एक वजा चिन्ह सुटलं आणि तीन आठवडे वाया गेले. वही फेकणारं कुणी नव्हतं. उत्तरं जुळत नाहीत. छापलेलं चूक आहे. लेख पाठवला, त्यावर पहिलं नाव सरांचं.

पान पुरं झालंय, सर. आता भांडायला तुम्ही हवे होतात.