चाळीस ढालींचे भाऊसाहेब

नियम असा होता, की ज्याच्या हातात ढाल आहे त्याचं संरक्षण दुप्पट. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "ढाली किती, हे कुठी लिवलं हाय?"

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. खेळाच्या मूळ इंग्रजी पुस्तकात असणारच, पण माझ्या चुलतभावानं पुण्याहून आणलेली ती झेरॉक्स होती आणि झेरॉक्सवाल्यानं मधली पंधरा-वीस पानं खाल्ली होती. नेमकी मर्यादांची. कुणाला किती हत्यारं, किती जादू, किती ताकद, सगळं गायब. उरलेल्याचं मी मराठी करून दोनशेपानी वहीत उतरवलं होतं आणि सरकारी नोकरीच्या खोडीप्रमाणे प्रत्येक नियमाला अनुक्रमांक दिला होता. तिथंच फसलो. तीस वर्षं शासन निर्णय वाचून मुरलेल्या माणसापुढं अनुक्रमांक घातलेला कागद ठेवू नये.

"मनाई नाई म्हंजे परवानगी हाय," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी आपल्या पात्रासाठी चाळीस ढाली लिहून घेतल्या.

ते आमचे तलाठी. तलाठ्याला आमच्याकडे सगळेच भाऊसाहेब म्हणतात. मी त्याच गावांचा कृषी सहायक आणि तिसरी होती ग्रामसेविका. पिकाचं नुकसान झालं की आम्ही तिघांनी मिळून शेतावर जायचं, पाहायचं, पंचनामा लिहायचा, खाली सह्या करायच्या. ती वर्षं अशी होती की वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात यायचं आणि महिन्याआड कुठलं तरी पाहणी पथक पांढऱ्या गाड्यांतून येऊन जायचं. आम्ही मात्र कायम पाहणीवर. कधी पाऊस नाही म्हणून, कधी नको तेव्हा आला म्हणून. आमच्या हातात देण्यासारखं काही नसायचं, नुसतं लिहिण्यासारखं असायचं.

म्हणून रविवारी दुपारी आम्ही खेळायचो. अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, भाऊसाहेबांच्या घरी. खेळ सोपा होता. मी गोष्ट सांगायची आणि संकटं उभी करायची. बाकीच्यांनी एकेक माणूस कल्पनेनं घडवायचा आणि त्या माणसाच्या तोंडून सांगायचं, की मी आता अमुक करतो. जमलं की फसलं हे फाशावर ठरायचं. वीस बाजूंचा फासा अकोल्यात कुठून मिळणार? भाभींनी चहापत्तीचा रिकामा डबा दिला, त्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. भाभी म्हणजे भाऊसाहेबांची बायको. त्या खेळत नसत, फक्त चिठ्ठी काढत, कारण त्यांच्या हातावर सगळ्यांचा विश्वास होता.

ग्रामसेविकेनं अदृश्य होणारी बाई घेतली होती. "ग्रामसभेत लय कामी येईन," ती म्हणाली. ती दर शनिवारी बडनेऱ्याला आईवडिलांकडे जायची आणि रविवारी गाडीनं थेट खेळायला परत यायची. तिनंच पहिला आक्षेप घेतला.

"भाऊसाहेब, चाळीस ढाली धरन कोन?"

भाऊसाहेबांनी शांतपणे वही उलटली. "माणसाले हात किती असावे, हे पान दाखवा मॅडम."

तेही पान नव्हतं. झाले चाळीस हात. भाभी चहाचे कप ठेवत म्हणाल्या, "इतने हाथ हैं, तो एक से चाय बना लेता तुम्हारा पहलवान." मग आम्ही संरक्षणाचा हिशेब करायला बसलो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. भाऊसाहेबांच्या दप्तरातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर एकोणचाळिसाव्या ढालीपर्यंत आकडा मावला. चाळिसाव्या ढालीला यंत्रानं हात टेकले आणि पडद्यावर नुसता इंग्रजी ई उमटला. भाऊसाहेबांनी पात्राच्या कागदावर, संरक्षण या रकान्यात, ई असंच लिहिलं.

आता अशा माणसापुढं संकट कुठलं उभं करायचं? मला त्यांना एकदा तरी हरवायचं होतं. मी इरेला पेटलो. मेळघाटाचा नकाशा समोर ठेवून मी एक अख्खं राज्य रचलं. सेमाडोहच्या पुढं बोलणारे वाघ ठेवले. चिखलदऱ्याच्या कॉफीच्या मळ्यात एक ड्रॅगन बसवला, जो कॉफी खाऊन खाऊन वर्षानुवर्षं झोपलाच नव्हता आणि त्यामुळे अतिशय चिडका झाला होता. त्याच्यावर मी तीन आठवडे मेहनत घेतली. रविवारी तो डोंगरावरून झेपावला, त्यानं आग ओकली, भाभींनी डब्यातून नेमकी वीसची चिठ्ठी काढली. मी उभा राहून नाचलो. भाऊसाहेबांनी विसातून ई वजा केला आणि म्हणाले, "कायी नाई झालं. आता मी त्याले एका खेपेत चाळीस थापडा मारतो."

ड्रॅगन गेला. थापडांच्या वाऱ्यानं मागचा एक डोंगरही गेला, हे मीच रागाच्या भरात जाहीर केलं. ग्रामसेविका हसता हसता पाटावरून घसरली. मी चिडलो होतो आणि हसूही आवरत नव्हतं.

आणि दर खेळानंतर भाऊसाहेब पंचनामा करत. हा त्यांचा शिरस्ता होता. जे काही उद्ध्वस्त झालं असेल ते नोंदल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. छापील फॉर्म, दोन कार्बन, तीन प्रती. "आम्ही खालील सह्या करणार समक्ष पाहणी केली असता, उडता सरडा (मोठा), नग एक, पंखांसह, शंभर टक्के बाधित. डोंगर दोन, पैकी एक समूळ नष्ट. नुकसानीचे कारण : चाळीस हातांचा एक इसम." खाली आम्हा तिघांच्या सह्या आणि पंच म्हणून भाभींची, उर्दूत.

त्यांच्या नोकरीचे आठ महिने उरले होते. भीती त्यांना एकच होती, जाता जाता चौकशी लागू नये. चौकशी लागली की पेन्शन अडकते, हे ते आम्हाला महिन्यातून चारदा सांगत. त्यांचा एक जोडीदार असाच अडकला होता. म्हणून कागदाच्या बाबतीत ते इतके काटेकोर, की साधा अर्जसुद्धा तीन प्रतींत लिहीत.

पुढच्याच आठवड्यात गारपीट झाली. हरभरा काढायला आलेला, गहू उभा. आम्ही नऊ दिवस शेतं तुडवली. दोनशे बारा पंचनामे झाले. भाऊसाहेबांच्या बैठकीत, खेळाच्या फाइलीशेजारी बसून मी त्यांचा गठ्ठा बांधला, टाचण्या मारल्या आणि तालुक्याला नेऊन दिला. तालुक्याचं नाव मुद्दामच सांगत नाही. आणि त्या गठ्ठ्यात मी एक घोळ केला.

रविवारी भाऊसाहेब खेळाची फाइल चाळत होते. एकदम थांबले. ड्रॅगनच्या पंचनाम्याच्या दोनच प्रती होत्या आणि वरच्या प्रतीच्या जागी गट नंबर सतराचा खरा पंचनामा होता, एका म्हाताऱ्या बाईच्या दीड एकर हरभऱ्याचा. म्हणजे बाईचा हरभरा इथं राहिला होता आणि उडता सरडा तालुक्याला गेला होता.

मला आधी हसू आलं. मग भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "माझी सही हाय लेका त्याच्यावर," ते म्हणाले. "शिक्का बी हाय."

सोमवारी तहसील ऑफिस उघडायच्या आत आम्ही तिघं पायरीवर. वाटेत ग्रामसेविकेनं युक्ती काढली होती. एक पंचनामा राहिला होता, तो जोडायला आलो, असं सांगायचं आणि जोडताना दुसरा काढून घ्यायचा. बाबूनं विचारलंसुद्धा नाही, गठ्ठा टेबलावर आपटला आणि तो तंबाखू मळायला लागला. मी भराभर पानं उलटली. सरडा सापडला. त्याच्यावर आवक क्रमांक होता. आणि कोपऱ्यात हिरव्या शाईत लिहिलं होतं, "तपासले. बरोबर आहे." खाली तालुक्याच्या साहेबांची सही.

बाहेर व्हरांड्यात येऊन आम्ही दोघं अक्षरशः भिंतीला टेकून हसलो. ग्रामसेविकेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "समूळ नष्ट, बरोबर आहे," ती म्हणायची आणि पुन्हा हसायची. वाचलो होतो. कागद माझ्या खिशात होता, हरभरा जागेवर लागला होता, कुणालाही काही कळणार नव्हतं.

भाऊसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "याच्यावर बरोबर हाय लिवलं. मंग बाकीच्यावर काय लिवलं असन?"

आत जाऊन पाहिलं. प्रत्येक पानावर तेच होतं, त्याच शाईत, त्याच कोपऱ्यात. नऊ दिवस आम्ही चिखलात उभं राहून हरभऱ्याचा एकेक घाटा फोडून दाणे पाहिले होते. कुणाचं चाळीस टक्के, कुणाचं सत्तर, यावरून बांधावर भांडलो होतो. ते एकही पान कुणी वाचलं नव्हतं. मला शरमेनं मेल्यासारखं झालं, आणि शरम कशाची ते धड सांगताही येईना.

"दे तो कागद," भाऊसाहेब म्हणाले.

"भाऊसाहेब, आठ महिने राहिले," ग्रामसेविका म्हणाली.

"मले ठाव हाय. दे."

ते गठ्ठा काखेत मारून साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. आम्ही दारात. साहेब त्यांच्या मुलापेक्षा लहान होते. भाऊसाहेबांनी सरड्याचा पंचनामा त्यांच्यापुढं ठेवला.

"साहेब, हा तुमी तपासला हाय. खाली माझीच सही हाय. चौकशी लावाची असन तं लावा. पन आंधी वाचा."

साहेबांनी वाचलं. मधेच ते हसणार होते, पण मग त्यांना कोपऱ्यातली सही दिसली. मग पेन उघडून त्यांनी ती खोडली.

"बाकीचे किती आहेत?"

"दोनशे बारा."

"बसा," साहेब म्हणाले.

भाऊसाहेब बसले नाहीत. त्यांनी उभ्यानंच गठ्ठा सोडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गट नंबर, नाव, पीक, क्षेत्र, टक्के. एकेका पानावरची सही साहेब खोडत आणि ऐकून झालं की नवी करत. काही ठिकाणी त्यांनी प्रश्न विचारले. दोन ठिकाणी आमची चूक निघाली, ती आम्ही दुरुस्त केली. जेवणाची सुट्टी झाली, बाबू डबा खाऊन आला, वाचन चालूच होतं. संध्याकाळी भाऊसाहेबांचा आवाज पार बसला.

सरकारी फॉर्मच्या गैरवापराबद्दल भाऊसाहेबांना कारणे दाखवा नोटीस आली ती आलीच. ते निवृत्त झाले तेव्हा पेन्शन पाच महिने अडकली. त्या पाच महिन्यांत भाभींनी आम्हाला एकाही रविवारी न जेवता जाऊ दिलं नाही, आणि चाळीस हातांचा इसम माझ्याकडून एकदाही हरला नाही.

एका रविवारी मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी साहेब बसा म्हणाले, तर तुम्ही दिवसभर उभे काहून राहिले? राग होता का?"

"राग कायचा," भाऊसाहेब म्हणाले. "पाय लटलट कापून राहिले होते. बसलो असतो तं वापस उठलो नसतो."